प्रत्यारोपणानंतर ताप नसतानाही दर आठवड्याला सीएमव्हीची तपासणी का करायची?

आपल्या थोरल्या भावाचे स्टेम सेल प्रत्यारोपण पुण्यात झाले, बहिणीच्या पेशी जुळल्या आणि आता तो खानापूरला घरी आहे. ताप नाही, जेवणही नीट जाते, मग सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) या विषाणूची ही महागडी पीसीआर तपासणी, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजणारी चाचणी, पंधरा दिवसांनी केली तर चालेल का, असे आपण विचारले आहे. मी बेळगावात रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. औषधांचा निर्णय त्याच्या डॉक्टरांचाच; परंतु तपासणीतील अंतर आपण होऊन वाढवू नये, हे मी कळकळीने सांगतो.

सीएमव्ही हा विषाणू आपल्याकडील बहुतेक प्रौढांच्या शरीरात लहानपणीच शिरलेला असतो आणि जन्मभर सुप्त राहतो. त्यामुळे घरात कितीही स्वच्छता पाळली तरी, प्रत्यारोपणानंतर टी-पेशींचे (विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे) बळ परत येईपर्यंत तो आतूनच पुन्हा जागा होऊ शकतो. रक्तातील त्याची संख्या दुप्पट व्हायला कधीकधी एक-दोन दिवस पुरतात, आणि तो फुप्फुसांत पोहोचला तर रुग्णाला वाचवणे फार कठीण जाते. पीसीआर तपासणीत तो बहुधा लक्षणे दिसण्याआधीच सापडतो व त्याच वेळी औषध सुरू करता येते. म्हणूनच भाऊ बरा दिसत असतानाच ही तपासणी करायची असते.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते, कारण आपल्या भागात तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. नमुना बेळगावात दिला तरी तो बहुधा बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत जातो, आणि एका आठवड्याला एक व पुढच्या आठवड्याला दुसरी प्रयोगशाळा निवडली, किंवा एकदा प्लाझ्मा (रक्तातील पेशी वगळून उरणारा द्रव) व एकदा संपूर्ण रक्त तपासले, तर त्या दोन आकड्यांची तुलनाच करता येत नाही. एकाच पद्धतीतही अहवालातील विषाणूचा आकडा ४०० चा ७०० झाला म्हणजे वाढ झालीच असे नाही. साधारण तिप्पट फरक पडला तर तो खरा मानतात. म्हणून प्रयोगशाळा बदलू नका, नमुना शक्यतो सोमवारी-मंगळवारी द्या म्हणजे तो रविवारच्या सुट्टीत अडकणार नाही, आणि अहवाल आला की त्याच दिवशी पुण्याला पाठवा.

ही तपासणी साधारणपणे पहिले १०० दिवस चालते. जीव्हीएचडीसाठी (दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात त्या आजारासाठी) स्टेरॉइड चालू असतील तर ती लांबते. लेटरमोव्हिर हे प्रतिबंधक औषध दिले असेल तर ते सीएमव्हीपुरतेच असते, त्यामुळे नागीण व तत्सम विषाणूंसाठी दिलेले असायक्लोव्हिर परस्पर बंद करू नका. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे सीएमव्हीवरील उपचाराचे औषध सुरू झाले तर पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून त्याच वेळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) हीही करून घ्या. पहिल्या एक-दोन आठवड्यांत आकडा थोडा वाढला तरी औषध लागू पडत नाही असे लगेच समजू नका.

मात्र धाप लागली, सतत जुलाब होऊ लागले, दृष्टी धूसर झाली किंवा ताप आला, तर पुढच्या नमुन्याची वाट न पाहता डॉक्टरांना तत्काळ फोन करा, मग आधीचा अहवाल निगेटिव्ह असला तरीही; कारण आतड्यांतील सीएमव्ही कधीकधी रक्तात दिसतच नाही.