अर्धी यादी काढून टाक

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद. तिकडे न्यू जर्सीत तुला सीनियर्सचा, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचा, ब्रिटिश साहित्याचा वर्ग मिळाला, हे वाचून फार आनंद झाला. तू पाठवलेली आखणीही नीट पाहिली. 'बेवुल्फ', चॉसर, 'मॅकबेथ', मिल्टन, रोमँटिक कवी, ऑस्टिन, डिकन्स, ऑर्वेल. माझं स्पष्ट मत सांगते, यातलं निम्मं काढून टाक. हजार वर्षांचं साहित्य एका वर्षात उरकायला निघालं की मुलांच्या हाती नावं आणि सनावळ्या तेवढ्या लागतात. त्यात या मुलांचं निम्मं मन कॉलेजच्या अर्जांत अडकलेलं असतं आणि प्रवेश नक्की झाला की मे महिन्यात ती वर्गात नुसती देहानं असतात. जड काम सप्टेंबर-ऑक्टोबरातच घे.

तेव्हा 'मॅकबेथ' घे. शेक्सपिअरची ही सर्वांत छोटी शोकांतिका. सुरुवातीला अर्थ सांगूच नकोस, बाकावर बोटांनी ताल धरायला लाव. चेटकिणी बहुतेक चार ठोक्यांत बोलतात, पहिलाच ठोका जोरात. सरदार मंडळी पाच ठोक्यांत, हलक्यावरून जोराकडे जात. हा फरक आधी कानाला कळू दे. पहिल्या प्रवेशात चेटकिणी म्हणतात, 'फेअर इज फाउल, अँड फाउल इज फेअर'. तिसऱ्या प्रवेशात मॅकबेथ प्रथम तोंड उघडतो तो 'सो फाउल अँड फेअर अ डे' म्हणतच. त्यांची गाठ पडण्याआधीच त्यांचे शब्द त्याच्या तोंडात आहेत! हे तू सांगायचं नाहीस. तिथं थांबायचं आणि विचारायचं, हे आधी कुठं ऐकलंत? कुणीतरी पानं मागे उलटेलच, तेवढा वेळ गप्प राहण्याचा धीर धर. १६०३ मध्ये गादीवर आलेला जेम्स राजा नाटकातल्या बँकोला, मॅकबेथच्या सोबत्याला, आपला पूर्वज मानत असे, एवढा इतिहास या नाटकाला पुरतो.

खरा वेळ 'फ्रँकेन्स्टाइन' या कादंबरीला दे. १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. जिनीव्हाच्या तळ्याकाठी पावसानं घरात कोंडलेल्या मंडळींना कवी बायरननं सुचवलं, प्रत्येकानं एक भुताची गोष्ट लिहायची. त्यांतली मेरी शेली, या कादंबरीची लेखिका, तेव्हा १८ वर्षांची होती, तुझ्या वर्गातल्या मुलांच्याच वयाची. तिची आई तिच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत वारली होती आणि आदल्याच वर्षी तिचं स्वतःचं तान्हं बाळ गेलं होतं. हे मुलांना जरूर सांग, पण कादंबरी वाचून झाल्यावर. आधी सांगितलंस तर ती कादंबरीत फक्त तिचं चरित्र शोधत बसतील.

मुलांच्या डोक्यात मानेत बोल्ट खुपसलेला, गुरगुरणारा सिनेमातला राक्षस असतो. पुस्तकातला, व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइननं घडवलेला जीव मात्र प्लुटार्कनं लिहिलेली थोरांची चरित्रं आणि मिल्टन वाचतो, वकिलासारखा आपली बाजू मांडतो. वॉल्टन नावाच्या दर्यावर्दीच्या पत्रांच्या पोटात व्हिक्टरची हकीकत आणि तिच्या पोटात या जीवाची स्वतःची कहाणी, अशी रचना आहे. हिमनदीवर तो पहिल्यांदा बोलतो, ते पान वर्गातल्या अबोल मुलाकडून मोठ्यानं वाचून घे. मग एकच प्रश्न टाक: निर्माण करणारा याला काय देणं लागत होता? या वयाची मुलं आई-बापांशी मनातल्या मनात हाच वाद घालत असतात, त्यामुळे वर्ग पेटतो. मिल्टनही इथंच आण. कादंबरीच्या मुखपृष्ठानंतरच्या पानावर त्याच्या तीन ओळी आहेत, त्यांत आदम देवाला विचारतो, मला घडव असं मी तुला सांगितलं होतं का? तेवढा मिल्टन या वर्षी पुष्कळ झाला.

निबंध घरून मागवू नकोस, इंटरनेटवर या पुस्तकांचे सारांश ढिगानं पडलेत. एक उतारा पुढ्यात ठेव, पेन्सिलनं खुणा करायला लाव आणि वर्गातच हातानं लिहून घे.

आणि पुस्तकं मागवताना १८१८ ची आवृत्ती असं लिहून दे. १८३१ च्या आवृत्तीत लेखिकेनं बरंच बदललं. तिथं व्हिक्टर पुन्हा पुन्हा नशिबाकडे बोट दाखवतो, त्यामुळे तुझा तो प्रश्न बोथट होतो. शिवाय जुनीत तीन खंड आणि प्रत्येकात प्रकरणं नव्यानं एकपासून, नवीत सलग २४. दोन्ही एकाच वर्गात आल्या तर 'दहावं प्रकरण काढा' म्हणायचीही सोय राहत नाही.

तुझी,
मावशी