मिस्त्री आजोबांची नात आणि दहावीनंतरची वाट

प्रश्न : मी करवीर तालुक्यातल्या एका गावात राहते, यंदा दहावीला आहे. माझे आजोबा ऑइल इंजिनाचे मिस्त्री होते. दिवाळीनंतर ते गेले. लहानपणापासून मी त्यांच्यासोबत गुऱ्हाळांवर जायचे, पाने हातात द्यायचे. मला तेच काम शिकायचंय. बाबा म्हणतात, गुण चांगले आहेत, सायन्स घे. ग्रीसमध्ये हात घालणं मुलींचं काम नव्हे. काय करू?

उत्तर : प्रिय मुली,

तुझं निम्मं पत्र आजोबांवरच आहे आणि मला तेच जास्त भावलं. त्यांचे धडे तू लिहिलेस : इंजिनाचा आवाज ऐकायला स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवायचं, मूठ कानाजवळच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. धूर काळा असला तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय, निळा असला तर ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा बघायच्या. पांढरा असला तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय. दहावीतल्या पोरीला हे तोंडपाठ आहे, ही त्या माणसाची कमाई. ऐन हंगामात ऊस गाळणारा चरक बंद पडला की रात्री-अपरात्री ज्यांना उठवायचे, त्या मिस्त्र्यांचं ज्ञान कुठल्याच वहीत नाही. तुला आठवतंय तेवढं आत्ताच लिहून काढ, आजीला विचार, त्यांच्या हाताखालच्या माणसांना गाठ.

आता स्पष्ट बोलते. आजोबांनी केलं तेच काम जसंच्या तसं तुझ्या वाट्याला येणार नाही. विहिरीवरची बरीच इंजिनं जाऊन विजेच्या मोटारी आल्या. एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या बीएस-6, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या कडक नियमांनुसार बनवलेल्या आहेत. डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेतच काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यामुळे धुरावरून पूर्वीसारखं निदान जमत नाही, गाडीतल्या संगणकाला स्कॅनर लावून बिघाड वाचावा लागतो. आजोबा डिझेलच्या पाइपचा नट सैल करून हवा काढायचे ना? आताच्या कॉमन रेल इंजिनात सगळ्या सिलिंडरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल जातं; ते चालू असताना तसं कधीही करू नकोस. तिथे डिझेलचा दाब हजार बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपटीच्या वर जातो, फवारा कातडीत घुसतो. आजोबांचा कान तुला उपयोगी पडेलच, पण बाकीचं नव्याने शिकावं लागेल.

त्यासाठी मी आयटीआय सुचवेन. ‘मेकॅनिक डिझेल’ एक वर्षाचा ट्रेड, म्हणजे अभ्यासक्रम आहे, ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ दोन वर्षांचा. तू दोन वर्षांचा घे. तो करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. बाबांना हवी असलेली पदवी इथूनही मिळते, हे त्यांना नीट समजावून सांग. पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा दहावीनंतर सरळही करता येतो, पण तुझे हात आधी इंजिनाला लागावेत असं मला मनापासून वाटतं. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप जरूर कर. एसटीच्या कार्यशाळांमध्येही ती मिळते, विद्यावेतनासह. आणि ‘मुलींचं काम नव्हे’ याबद्दल एवढंच सांगते, की सरकारी आयटीआयमध्ये मुलींसाठी जागा राखीव असतात.

एक गोष्ट मात्र अर्ज भरण्याआधी कर. आजोबांवरची माया आणि इंजिनाची ओढ सध्या तुझ्या मनात एक झाली आहे, आणि दुःख ताजं असताना तसं होणारच. परीक्षा संपली की महिनाभर एखाद्या डिझेल गॅरेजात जा, पण आजोबांच्या ओळखीच्या नको. तिथे तुझं कौतुकच होईल. अनोळखी ठिकाणी झाडू मारावा लागेल, पार्ट धुवावे लागतील, दिवसभर कुणी काही शिकवणारही नाही. एवढं होऊनही दुसऱ्या दिवशी जावंसं वाटलं, तर निकालानंतर आयटीआयच्या ऑनलाइन अर्जात पहिला पसंतिक्रम मोटर व्हेइकलला दे. नाही वाटलं, तर अकरावी सायन्स घे, त्यात आजोबांचा कसलाही अपमान नाही. गॅरेजमधला एखादा दिवस बाबांनाही सोबत ने.