दहावीला महिना राहिलाय, मुलीला महत्त्वमापनाची सूत्रं आणि इंग्रजीचे काळ पाठ होत नाहीत. दोन्हींचा मिळून एखादा तक्ता आहे का?

तुमची मुलगी दहावीला आहे, वृत्तचिती-शंकू-गोलाची सूत्रं एकमेकांत मिसळतात, इंग्रजीच्या बारा काळांचंही तेच होतं, म्हणून भिंतीवर लावायला तक्ता हवाय, असं तुम्ही लिहिलंय. तक्ता पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या कुठल्याही दुकानात मिळेल, लॅमिनेट केलेलासुद्धा. पण घेऊ नका. तक्त्यात डावीकडे आकाराचं नाव असतं आणि उजवीकडे सूत्र. पेपरात बहुतेक वेळा नाव येतच नाही. बादली येते, तंबू येतो, अर्धगोलावर शंकू बसवलेलं खेळणं येतं. नाव ओळखायचं काम मुलीनेच करायचं असतं, आणि चुकतं ते तिथेच.

एका सराव पेपरातलं उदाहरण घ्या. पत्र्याची बादली आहे. तोंडाचा व्यास २८ सेमी, बुडाचा १४ सेमी, उंची २४ सेमी. पाणी किती मावेल आणि बादली बनवायला पत्रा किती लागेल? सूत्र बहुतेकांना येत होतं. बादलीचा आकार म्हणजे शंकूछेद, टोक कापलेला शंकू. त्याचं घनफळ म्हणजे एक तृतीयांश × पाय × उंची × (दोन्ही त्रिज्यांचे वर्ग आणि त्यांचा गुणाकार, तिन्हींची बेरीज). तरी एका मुलाचं उत्तर आलं ३४,४९६ घनसेमी, म्हणजे जवळजवळ साडेचौतीस लिटर. त्याने व्यासच त्रिज्या म्हणून घातले. त्रिज्या दुप्पट धरली की तिचा वर्ग चौपट होतो, म्हणून उत्तर बरोब्बर चौपट आलं. घरातली मोठी बादली वीस लिटरच्या आसपास असते. जेमतेम वीतभर उंचीच्या बादलीत साडेचौतीस लिटर कसे मावतील, हा प्रश्न त्याला पडला नाही, कारण तो बादलीकडे बघतच नव्हता, सूत्राकडे बघत होता.

दुसरीने हुशारी केली. वरची त्रिज्या १४, खालची ७, म्हणून सरासरी १०.५ धरली आणि सरळ वृत्तचितीचं सूत्र लावलं. उत्तर ८,३१६. खरं उत्तर ८,६२४. ३०८ घनसेमी कमी पडले. त्रिज्येची सरासरी काढून चालत नाही, कारण घनफळ त्रिज्येच्या वर्गावर वाढतं. मधल्या उंचीपासून वरच्या भागात जितकं पाणी वाढतं, त्यापेक्षा खालच्या भागात कमी घटतं. दोन त्रिज्यांमधला फरक जितका मोठा, तितकी ही चूक मोठी. ही मुलगी खरं म्हणजे विचार करत होती, आणि तिला लाल फुलीसोबत हे कारण मिळायला हवं. तक्त्यात ते नसतं.

पत्र्याच्या भागात आणखी दोन चुका. वक्रपृष्ठफळाला तिरकस उंची लागते. उंची २४ आणि त्रिज्यांमधला फरक ७, म्हणून पायथागोरसने तिरकस उंची २५. ज्यांनी २४ च घातले त्यांचं उत्तर १,५८४ चौसेमी आलं; हवं होतं १,६५०. पत्रा बादलीच्या कलत्या बाजूवर बसतो, मधल्या हवेतल्या लंबावर नाही, एवढं एकदा पट्टीने मोजून दाखवलं की पुन्हा चुकत नाही. दुसरी चूक झाकणाची. तक्त्यातलं 'एकूण पृष्ठफळ' वापरलं की २,४२० येतं, कारण त्यात तोंडावरचं वर्तुळही धरलेलं असतं. बादलीला तोंड उघडं असतं. १,६५० मध्ये बुडाचे १५४ मिळवायचे, झाले १,८०४.

आता समजा परीक्षेत शंकूछेदाचं सूत्र आठवलंच नाही. बादली खालच्या बाजूला लांबवा, तिचा शंकू होतो. पूर्ण शंकूच्या तळाची त्रिज्या १४, कापून टाकलेल्या छोट्या शंकूची ७. त्रिज्या निम्मी म्हणजे उंचीही निम्मी, म्हणून मोठ्या शंकूची उंची ४८ आणि छोट्याची २४. मोठ्याचं घनफळ ९,८५६, छोट्याचं १,२३२. वजाबाकी ८,६२४. पत्र्यालाही हेच चालतं: मोठ्या शंकूचं वक्रपृष्ठफळ २,२००, छोट्याचं ५५०, फरक १,६५०. भूमितीच्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण समरूपता आणि सातवं महत्त्वमापन. पहिलं नीट झालं असेल तर सातव्यातली सर्वांत किचकट तीन सूत्रं पाठ करायची गरजच उरत नाही. वेळ तीन-चार मिनिटं जास्त लागतो, हे खरं. पण शंकूछेदाचं उदाहरण कोरं सोडण्यापेक्षा ते परवडतं.

उरलेल्या आकारांचं थोडक्यात. वरपासून खालपर्यंत सारखं असेल ते सगळं तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची. टोकाला निमुळतं होणारं त्याच्या एक तृतीयांश. सारख्या त्रिज्येचे शंकू, अर्धगोल आणि वृत्तचिती घ्या, तिन्हींची उंची त्रिज्येइतकीच ठेवा, घनफळं १:२:३ येतात. हे एक गुणोत्तर लक्षात राहिलं की अर्धगोलाचा दोन तृतीयांश आणि गोलाचा चार तृतीयांश आपोआप येतो. गोलाचं पृष्ठफळ त्याला घट्ट बसणाऱ्या वृत्तचितीच्या वक्रपृष्ठफळाएवढंच असतं, तेही आर्किमिडीजने दाखवलेलं. घरी कागदाचा शंकू आणि त्याच मापाचा कागदी डबा करून रव्याने भरा. डबा भरायला तीन शंकू लागतात. शंकूच्या कागदाची कड चिकटवताना एकमेकांवर गेली तर माप थोडं चुकतं, म्हणून आधी पेन्सिलीने रेघ मारून मगच डिंक लावा.

पायची किंमत गणितात दिली असेल तीच घ्या. दिली नसेल तर आधी त्रिज्या बघा: ७ च्या पाढ्यातली असेल तर २२/७, १० किंवा २० असेल तर ३.१४. एकाच उदाहरणात दोन्ही वापरू नका. भास्कराचार्यांनीही २२/७ ला स्थूल म्हटलं होतं आणि ३९२७/१२५० ला सूक्ष्म, तेव्हा ही किंमत अंदाजाची आहे हे मुलीला माहीत असू द्या. एकक मात्र अंदाजाने चालत नाही. १ चौमीटर म्हणजे १०,००० चौसेमी, १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर, १ लिटर म्हणजे १,००० घनसेमी. सगळी मापं गणिताच्या पहिल्याच ओळीत एका एककात आणायची, शेवटी नाही.

इंग्रजीकडे येते. काळ बारा आहेत, पण मराठी मुलं बाराही चुकत नाहीत. ती ठरावीक चार-पाच जागी चुकतात, आणि प्रत्येक जागी मराठीच हात धरून चुकीच्या वाटेला नेते.

'मी दहा वर्षांपासून पुण्यात राहतोय.' मराठीत हा चालू वर्तमानकाळ, म्हणून मूल लिहितं, आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स. दोन चुका एका वाक्यात. आधी सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं इंग्रजीत हॅव बीन मागतं. आणि 'पासून' या एका शब्दासाठी तिथे दोन शब्द आहेत: सुरुवातीचा क्षण सांगायचा तर सिन्स, किती वेळ झाला ते सांगायचं तर फॉर. आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टेन इयर्स, किंवा सिन्स २०१५.

'मी त्याला काल पैसे दिलेत.' मराठीला इथे काहीच खटकत नाही. इंग्रजीत हॅव गिव्हन आणि यस्टर्डे एका वाक्यात नांदत नाहीत. काल, गेल्या आठवड्यात, दोन दिवसांपूर्वी असा संपलेला वेळ वाक्यात आला की साधा भूतकाळ: आय गेव्ह.

'तो येईल तेव्हा सांगेन.' दोन्हीकडे भविष्य, म्हणून व्हेन ही विल कम. हवं व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम. इफचंही तसंच, इफ इट रेन्स.

'आलोच!' असं आपण आतून ओरडतो तेव्हा जागचे हललेलोही नसतो. मराठीचं रूप भूतकाळाचं, अर्थ येणाऱ्या क्षणाचा. इंग्रजीत तिथे आय अ‍ॅम कमिंग. हे एक वाक्य मुलीला दाखवा. काळाचं नाव आणि खरा वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला तिथेच कळेल.

आणि डिड. डिडन्ट वेंट लिहू नको असं शंभरदा सांगून उपयोग नाही. डिडनेच भूतकाळ उचललेला आहे, म्हणून क्रियापद मूळ रूपात राहतं, एवढं कारण सांगा. डझचंही असंच, त्याने एस आधीच घेतलाय.

शिकवणाऱ्यांमध्ये एक जुना मतप्रवाह आहे: आधी पाठ करा, समजेल नंतर. मला तो मान्य नाही आणि कधीच नव्हता. 'नंतर' दहावीच्या वर्षात येत नाही. पण मी पाठांतराच्या विरोधात आहे असं समजू नका. गो, वेंट, गॉन का, याला मुलांना उपयोगी पडेल असं कारण सांगता येत नाही, तेव्हा अनियमित क्रियापदांची तीन रूपं घोकलीच पाहिजेत, रोज दहा, मोठ्याने. पंचविसापर्यंतचे वर्ग पाठ हवेत. ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७, ७-२४-२५ ही पायथागोरसची त्रिकुटंही पाठ हवीत, वरच्या बादलीत तिरकस उंची त्यामुळेच एका नजरेत दिसते. या गोष्टींना वेळ द्या. ज्याचं कारण दोन मिनिटांत सांगता येतं ते महिनाभर घोकून घेणं, आणि वर मुलीला विसराळू म्हणणं, हा तिच्यावर अन्याय आहे.

एक राहिलं. तुमच्या मुलीचा प्रश्न फक्त उत्तीर्ण होण्याचा असेल आणि खरोखर आठवडाच उरला असेल, तर वृत्तचिती, शंकू, गोल एवढी सूत्रं पाठ करून घ्या आणि शंकूछेद सोडून द्या. तेव्हा माझं वरचं बोलणं बाजूला ठेवा. आणि सूत्र काढता येत असलं तरी उत्तरपत्रिकेत पहिली ओळ सूत्राचीच लिहायला सांगा, दुसरीत किमती घालायच्या, शेवटी एकक. गुण पायऱ्यांना असतात. आकडेमोड चुकली तरी त्या दोन ओळींचे मिळतात.