विज्ञानकथेतल्या टेबलटॉप युद्धखेळात 'स्मार्ट' सुरुंगक्षेत्र कसं आणावं?

तुमची अडचण अशी दिसते: भविष्यातल्या लढाईसाठी टेबलावर स्मार्ट सुरुंगक्षेत्र मांडलंत, पण खेळात ते नुसतं 'इकडे जाऊ नका' अशी पाटी होऊन बसलं.

आमचंही अगदी तेच झालं होतं. मालवणात जून-जुलैला मासेमारी बंद, बाहेर धो धो पाऊस, वीज असली तर असली. मी आणि माझा आतेभाऊ ओटीवर टेबल मांडून खेळतो. सुरुंग म्हणून सालासकट काजूच्या बिया (सोललेले गर मांडून बघितले, चौथ्या चालीपर्यंत उरत नाहीत). पहिला नियम साधा होता: बीपासून तीन इंचांत जो येईल त्याने फासा टाकायचा, पाच किंवा सहा पडले की तुकडी उडाली. दोघांनीही वळसा घातला. दोन तासांत तिकडे कुणी फिरकलंच नाही.

उडणं काय, कुठल्याही सुरुंगाला जमतं. हुशार सुरुंग कुणाला सोडतो आणि कधीपर्यंत, त्यात खरी गंमत आहे. आमच्याकडची रापण आठवा. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून येते, मासे खुशाल आत हिंडत असतात, आणि मग किनाऱ्यावरून दोन्ही टोकं ओढायला सुरुवात होते. क्षेत्राला असं उघडं तोंड द्या, म्हणजे समोरचा आत येईल.

आत येऊ देण्याची युक्ती जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या काही समुद्री सुरुंगांत जहाजं मोजायची सोय होती. ठरावीक संख्येची जहाजं वरून सुखरूप जायची, पुढचं उडायचं. त्यामुळे सुरुंग काढणाऱ्या बोटी फिरून गेल्या तरी मार्गाचा भरवसा नसे. टेबलावर हे फार सोपं आहे. प्रत्येक बीच्या नावाने एका वाटीखाली फासा झाकून ठेवा आणि जवळून तुकडी गेली की गुपचूप एक आकडा उतरवा. एकावरून खाली गेला की धडाम. आतेभावाने लगेच फालतू ड्रोन पुढे पाठवून आकडे संपवायला सुरुवात केली, म्हणून ड्रोन मोजायचे की नाही ते क्षेत्र चालवणाऱ्याने आधीच चिठ्ठीवर लिहून ठेवायचं असं ठरलं.

दुसरी कल्पना डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेच्या एका प्रकल्पातली. त्यातले रणगाडाविरोधी सुरुंग रेडिओवरून एकमेकांशी बोलायचे आणि कुणी वाट फोडली की उड्या मारून ते भोक बुजवायचे. आम्ही क्षेत्राला दर फेरीला तीन हुकूम देतो. एका हुकमात एक बी चार इंच सरकवता येते, किंवा निजलेली बी जागी करता येते, किंवा जवळच्या तुकडीची ओळख विचारता येते. तीनच. पाच देऊन बघितले, तर क्षेत्र एकटंच लढाई जिंकायला लागलं.

बोलणारे सुरुंग म्हटले की त्यांचं बोलणं तोडणाराही हवाच. रेडिओ जॅम करणारी तुकडी बारा इंचांत आली की क्षेत्र बहिरं होतं: हुकूम बंद, ओळख बंद, आपला-परका सगळे सारखेच. एकदा माझेच रणगाडे आत असताना आतेभावाने हे केलं. दोन दिवस बोललो नाही मी.

खऱ्या जगातलं एक ओझंही आम्ही खेळात घेतलंय. माणसांना मारायला पेरलेल्या सुरुंगांवर बंदी घालणारा ओटावा करार १९९७चा (भारताने त्यावर सही केलेली नाही). लढाई संपल्यावर टेबलावर उरलेल्या प्रत्येक जिवंत बीमागे, ती ज्याने पेरली त्याचे दोन गुण पुढच्या लढाईत कापतो. मग कुणी उगाच मूठभर बिया फेकत नाही.

शेवटचं आणि सगळ्यात कामाचं: क्षेत्र तिसऱ्या माणसाच्या हातात द्या. १८२४च्या सुमाराच्या प्रशियन युद्धखेळात खरी परिस्थिती फक्त पंचाला ठाऊक असायची, तसंच काहीसं. आमच्याकडे आई बसली. नियम वाचले नाहीत, तीन हुकूम तेवढे समजून घेतले. पाच फेऱ्या तिने एक बी हलवली नाही. मी खुणावलं तर म्हणाली, "येवंदे तेका आत, मगे बगतंय." सहाव्या फेरीला तोंड बंद झालं आणि आतेभावाचे चार रणगाडे गेले. "मामी, असं नाय करूचा!" म्हणून तो ओरडला, पण आता खेळाआधीचं भांडण एकच असतं, मामी कुणाच्या बाजूचं सुरुंगक्षेत्र होणार.