अक्षय्य वस्तुमान आणि विसर्गाचा मेळ

पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. प्रबंधाचा गोषवारा मराठीत लिहिताना तिने 'ओव्हरसेट मेशमध्ये मास कन्झर्व्हेशन एनफोर्स करणे' याचे 'वस्तुमान संवर्धन लादणे' असे केले आहे. ते चालेल का?

'संवर्धन' नको. गोसंवर्धन, वृक्षसंवर्धन यांत वाढवणे आहे. इथे वाढही नको आणि घटही नको. 'संरक्षण' हिंदीत रूढ आहे, पण मराठी कानाला त्यात सैन्य ऐकू येते. आपल्या शालेय पुस्तकांतला शब्द 'अक्षय्यता', आणि तो विलक्षण नेमका आहे. 'क्षय्यजय्यौ शक्यार्थे' हे पाणिनीचे सूत्र. ज्याचा क्षय होणे शक्य आहे ते क्षय्य. म्हणजे अक्षय्य ते, ज्याचा क्षय होऊच शकत नाही. निसर्गनियमाला याहून चांगले नाव मला तरी सुचत नाही.

मग जे घटूच शकत नाही, त्यावर अक्षय्यता लादायची कशाला? कारण संगणकातल्या हिशेबात ते घटते. संगणकावर प्रवाहाचे गणित करताना जागा 'मेश'ने, म्हणजे जाळीने, लहान कप्प्यांत विभागतात; एकमेकींवर चढवलेल्या अशा जाळ्या म्हणजे ओव्हरसेट मेश. पंपाचे फिरते पाते घ्या. पात्याभोवती बारीक जाळी, ती पात्याबरोबर फिरते. तिच्याखाली मोठी स्थिर जाळी, पात्यापुरते भोक पाडलेली. दोन्हींचे कप्पे जुळत नाहीत, म्हणून काठावरच्या कप्प्यांतला वेग दुसऱ्या जाळीतल्या जवळच्या कप्प्यांवरून इंटरपोलेशनने काढतात. वेग जवळपास बरोबर येतो, पण काठावरून आत येणारे आणि बाहेर जाणारे पाणी तंतोतंत सारखे भरत नाही. पाणी असंपीड्य, म्हणजे दाबून न आकसणारे, धरले आणि त्या जाळीच्या सगळ्या काठांवर वेग ठरवून दिला, की एवढीशी तफावतही भोवते: दाबाच्या समीकरणाला उत्तरच उरत नाही. समजा सेकंदाला १००० ग्रॅम आत आले आणि ९९८ बाहेर गेले, तर त्या २ ग्रॅमची दुरुस्ती काठावरच्या विसर्गांत वाटून टाकतात. जिथून जास्त पाणी जाते, तिथे जास्त.

'फ्लक्स'ला, म्हणजे इथे काठातून सेकंदाला जाणाऱ्या पाण्याला, 'विसर्ग' मी मुद्दाम म्हणतो. 'खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढवला' हे पुणेकर पावसाळ्यात ऐकतातच. चुंबकीय फ्लक्सला हा शब्द चालणार नाही, पाण्याच्या फ्लक्सला मात्र हाच घ्यावा.

आता 'एनफोर्स'. इथे कोणावर सक्ती नाही, जमाखर्च जुळवायचा आहे. त्यासाठी 'मेळ घालणे' आपल्याकडे आहेच. दुकानातल्या रोजमेळातला तोच मेळ.

'ओव्हरसेट' तसाच ठेवा. या पद्धतीला 'कायमेरा' असेही म्हणतात, सिंह, बकरी आणि साप मिळून झालेल्या ग्रीक प्राण्यावरून. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवरचा शरभ त्याच जातीचा, पण 'शरभजाळी' म्हटले तर परीक्षकाला अर्थ लागणार नाही.

गोषवाऱ्यात असे लिहा: 'ओव्हरसेट जाळ्यांच्या काठांवर विसर्गाचा मेळ घालून वस्तुमानाची अक्षय्यता राखणे'.