रॅम भरली, पण अडलं कुठे?

वाचकांचे प्रश्न : लिनक्स कर्नल आणि मेमरी

प्रश्न (विक्रोळी) : माझ्या पीसीत १६ जीबी रॅम आहे. सकाळी मशीन सुरू केल्यावर ‘फ्री’ कमांड ११ जीबी मोकळी दाखवते, दुपारी जेमतेम ४०० एमबी उरते. कॅश रिकामी करायची कमांड (‘ड्रॉप कॅशेस’मध्ये ३ लिहायची) दर तासाला क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालवा, असा सल्ला मिळालाय. चालवू का?

उत्तर : नको. त्या आकड्यांत ‘फ्री’चा रकाना बघू नका, शेवटचा ‘अव्हेलेबल’ बघा. तो १० जीबीच्या आसपास असेल तर तुमची मेमरी संपलेली नाही. वाचलेल्या फाइलींच्या प्रती कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, पेज कॅशमध्ये ठेवल्या आहेत, इतकंच. लोकलमध्ये मोकळ्या सीटवर बसलेला, पण कोणी मागितली की लगेच उठणारा माणूस समजा. लोकलमध्ये असा भेटत नाही, पेज कॅशमध्ये भेटतो.

‘अव्हेलेबल’चा हिशेब कर्नलमध्ये ३.१४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून आहे. नुसती ‘फ्री’ आणि ‘कॅश’ची बेरीज म्हणजे तो आकडा नव्हे. शेअर्ड मेमरी आणि टेम्पएफएसमधल्या (रॅममध्येच राहणाऱ्या) फाइलीही कॅशमध्येच मोजल्या जातात, पण त्या सहज सोडता येत नाहीत. शिवाय कर्नल स्वतःसाठी थोडी शिल्लक राखतो, ती वजा होते.

‘ड्रॉप कॅशेस’मध्ये ३ लिहिलं की फाइलींचा मजकूर तर जातोच, त्यांच्या नावांची आणि आयनोडची (फाइलीचा मालक, आकार, जागा या माहितीची) नोंदही जाते. पुढची पाच-दहा मिनिटं मशीन तेच सगळं डिस्कवरून परत वाचत बसतं. ही सोय आहे चाचणीसाठी : प्रोग्राम थंड (रिकाम्या) कॅशवर किती वेळ घेतो ते मोजायचं असेल तर. क्रॉनमध्ये तिचं काही काम नाही.

प्रश्न (बोरीवली) : लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. लॅमिंग्टन रोडला दाखवला तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली निघाली, वाढणार नाही. एसएसडी झिजू नये म्हणून स्वॉप (रॅम कमी पडली की तिथला माल ठेवायची डिस्कवरची जागा) बंद ठेवलाय. ब्राउझर आणि अँड्रॉइड स्टुडिओ एकत्र उघडले की कधीकधी सगळं गोठतं, माउसही हलत नाही, एसएसडीचा दिवा मात्र पेटलेला. कर्नलचा ओओएम किलर (मेमरी संपली की एखादा प्रोग्राम मारणारा) अशा वेळी का धावून येत नाही?

उत्तर : तुम्ही स्वॉप काढलात, तिथेच गोम आहे. कर्नलच्या दृष्टीने मेमरीतली पानं (४ केबीचे तुकडे) मुख्यतः दोन जातींची. एक, फाइलीतून आलेली : ती टाकून दिली तरी फाइलीतून परत आणता येतात. दुसरी अनामिक : प्रोग्रामने चालता चालता मागून घेतलेली, त्यांची प्रत कुठेच नाही. स्वॉप नसेल तर अनामिक पानांना जायला जागाच नाही. मग तंगी आली की कर्नल फक्त पहिल्या जातीवर हात टाकतो, आणि त्या जातीत तुमच्या ब्राउझरचा चालू कोडही असतो. पान टाकलं, पुढच्या क्षणी तेच लागलं, एसएसडीवरून वाचलं, तोवर दुसरं टाकलं. दिवा पेटलेला दिसतो तो त्यामुळे. ओओएम किलर येत नाही, कारण कर्नलला दर वेळी काही ना काही पानं सोडवता येत असतात. त्याच्या लेखी काम चालूच असतं.

इलाज झेडरॅम. पावसाळ्यात गोधड्या माळ्यावर चढवण्याऐवजी व्हॅक्यूमच्या पिशवीत दाबून कपाटातच ठेवाव्यात, तसं. रॅममध्येच एक स्वॉप तयार होतो आणि त्यात पानं आवळून ठेवली जातात. एसएसडीला हात लागत नाही, त्यामुळे झिजेची तुमची काळजीही मिटते. फेडोराने २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून हीच मूळ रचना केली.

आधी हाताने करून बघा. ‘मॉडप्रोब’ने झेडरॅम मॉड्यूल चढवा. ‘झेडरॅमसीटीएल’ला आकार ४ जीबी आणि आवळण्याचा अल्गोरिदम झेडएसटीडी द्या. तयार झालेल्या ‘झेडरॅम०’वर ‘एमकेस्वॉप’ चालवा आणि ‘स्वॉपऑन’ने प्राधान्य १०० देऊन जोडा. बूट झाल्यावर हे पुसलं जातं. पसंत पडलं तर सिस्टिमडीचं ‘झेडरॅम जनरेटर’ पॅकेज बसवून आकार ‘रॅम भागिले २’ असा लिहून ठेवा.

४ जीबी हा आकडा न आवळलेल्या मालाचा आहे, त्यामुळे स्वॉप जोडल्याबरोबर ४ जीबी रॅम जात नाही. रिकामं झेडरॅम आपल्या आकाराच्या सुमारे ०.१ टक्के जागा घेतं. तीनास एक आवळलं गेलं तर भरलेला ४ जीबीचा माल सुमारे १.३ जीबीत बसतो. ‘झेडरॅमसीटीएल’ नुसतं चालवलंत की ‘डेटा’ आणि ‘कॉम्प्र’ असे दोन रकाने दिसतात, तुमचं खरं प्रमाण त्यातून काढा. आधीच कॉम्प्रेस झालेली चित्रं किंवा एन्क्रिप्ट केलेला डेटा मेमरीत जास्त असेल तर ते दीडास एकवरही घसरतं.

सोबत कर्नलच्या दोन कळा (सेटिंग्ज) फिरवा. ‘पेज-क्लस्टर’ मुळात ३ असतं, म्हणजे स्वॉपमधून एक पान मागितलं की २ चा घन, अशी ८ पानं आणली जातात. फिरत्या डिस्कसाठी ते शहाणपणाचं होतं, झेडरॅमवर फुकटची मेहनत. ० करा. ‘स्वॉपिनेस’ ६० वरून १५० वर न्या. इथे बहुतेकांची समजूत चुकते : ६० म्हणजे ‘रॅम ६० टक्के भरली की स्वॉप सुरू’ असं नाही. अनामिक पान स्वॉपमधून आणणं आणि फाइलीचं पान पुन्हा वाचणं, यांत कर्नलने कोणतं किती महाग धरायचं त्याचं ते माप आहे. १०० म्हणजे दोन्ही सारखे. झेडरॅमवरून पान आणणं एसएसडीपेक्षा स्वस्त, म्हणून १०० च्या वर. कर्नल ५.८ पासून २०० पर्यंत जाता येतं. ‘स्वॉपिनेस १० करा’ हा सरसकट सल्ला तुमच्या मशीनवर उलटा पडेल.

चुकतं कुठे? झेडस्वॉपही (स्वॉपला जाणारी पानं आधी रॅममध्ये आवळणारी कर्नलची दुसरी सोय) चालू राहिलं तर माल दोनदा आवळायची खटपट होते, ते बंद करा. झेडरॅमच्या खाली डिस्कवरचा स्वॉपही जोडला तर झेडरॅम आधी जुन्या, क्वचित लागणाऱ्या पानांनी भरतं आणि नंतरची, जास्त लागणारी पानं सावकाश डिस्कवर जातात. नेमकं उलटं. आणि हायबरनेट झेडरॅमवर होत नाही.

तरीही गोठलंच, तर कर्नल ६.१ किंवा पुढचा आहे का बघा. २०२२ च्या डिसेंबरमधल्या त्या आवृत्तीत पानांचं वय पिढ्यांनी मोजणारी नवी पद्धत आली, एमजीएलआरयू. तिची ‘मिन टीटीएल एमएस’ ही कळ मुळात ० असते, १००० ठेवा. गेल्या एका सेकंदात वापरलेली पानं रॅममध्ये राखता आली नाहीत, तर कर्नल झटापट न करता सरळ ओओएम किलरला बोलावतो. एक टॅब जाईल, पण लॅपटॉप हातात राहील. जुन्या कर्नलवर ‘अर्लीओओएम’ हा छोटा प्रोग्राम बसवा. उपलब्ध मेमरी आणि मोकळा स्वॉप दोन्ही १० टक्क्यांखाली गेले की तो हात उगारतो.

फरक पडला की नाही, ते रॅम किती टक्के भरली यावरून ठरवू नका. ‘प्रॉक’मधल्या ‘प्रेशर’ डिरेक्टरीतली ‘मेमरी’ फाइल वाचा (कर्नल ४.२० पासून आहे. काही वितरणांत बूट ओळीत ‘पीएसआय=१’ लिहावं लागतं). ‘फुल’ ओळीतला ‘एव्हीजी१०’ सांगतो की गेल्या १० सेकंदांपैकी किती टक्के वेळ सगळी कामं मेमरीसाठी खोळंबली होती. रॅम ९५ टक्के भरलेली आणि हा आकडा शून्य, तर मशीन ठणठणीत आहे.

प्रश्न (माटुंगा) : शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी कर्नल मॉड्यूल लिहितोय. ११०० बाइटचं एक स्ट्रक्चर आहे, ते ‘केमॅलॉक’ने (कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन) घेतो, सुमारे १ लाख लागतात. हिशेबाने १०५ एमबी व्हायला हवी, जाते १९५. शिवाय ६४ केबीचा एक बफर घेताना मधूनच ‘पेज अॅलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ४’ येतं, मेमरी मोकळी असूनसुद्धा.

उत्तर : पहिलं कोडं सोपं. ‘केमॅलॉक’कडे ठरावीक मापांचे साचे असतात : ५१२, १०२४, २०४८ असे. ११०० मागितलेत की २०४८ चा साचा मिळतो, ९४८ बाइट वाया. ३२ केबीच्या एका स्लॅबमध्ये (सलग पानांच्या गठ्ठ्यात) असे १६ बसतात. लाखाला ६२५० स्लॅब, म्हणजे १९५ एमबी. आकडा तुमच्याशी जुळतोय.

‘केमेम कॅश क्रिएट’ वापरून स्वतःचा साचा केलात तर ११०० चे ११०४ होतील (८ च्या पटीत) आणि तेवढ्याच स्लॅबमध्ये २९ बसतील. एकूण १०८ एमबी. पण त्याआधी मॉड्यूलच्या ऑब्जेक्ट फाइलवर ‘पाहोल’ (स्ट्रक्चरमधल्या पोकळ्या दाखवणारं साधन) चालवा. स्ट्रक्चरमध्ये एक बाइटच्या फील्डनंतर आठ बाइटचा पॉइंटर आला की मध्ये सात बाइटची पोकळी राहते. फील्डांचा क्रम बदलून, एखादं फील्ड आखूड करून ७६ बाइट वाचले तर स्ट्रक्चर १०२४ वर येतं, साध्या ‘केमॅलॉक’मध्येच ३२ बसतात आणि हिशेब ९८ एमबीवर उतरतो. वेगळ्या साच्याची गरजच संपली. आम्ही आधी हेच करू.

स्वतःचा साचा केलातच आणि तो ‘स्लॅबइन्फो’त (‘प्रॉक’मधल्या साच्यांच्या यादीत) दिसला नाही तर घाबरू नका. स्लब, म्हणजे हे साचे सांभाळणारा कर्नलचा अॅलोकेटर, सारख्या मापाचे साचे एकत्र करतो. वेगळा बघायचा असेल तर बूट ओळीत ‘स्लॅब नोमर्ज’ द्या. जुन्या पुस्तकांत स्लॅब, स्लॉब, स्लब असे तीन अॅलोकेटर शिकवतात. स्लॉब ६.४ मध्ये आणि स्लॅब ६.८ मध्ये कर्नलमधून काढून टाकले, आता एकटा स्लब उरलाय.

दुसरं कोडं बघायला ‘प्रॉक’मधली ‘बडीइन्फो’ फाइल (मोकळ्या सलग तुकड्यांचा तक्ता) उघडा. समजा नॉर्मल झोनची ओळ अशी आहे :

४१२०  १८७६  ६४०  ९१  ०  ०  ०  ०  ०  ०  ०

डावीकडून ४ केबीचे ४१२० तुकडे, ८ केबीचे १८७६, १६ केबीचे ६४०, ३२ केबीचे ९१. पाचवा रकाना ६४ केबीचा, म्हणजेच ऑर्डर ४. तिथे शून्य. बेरीज केलीत तर ४३ एमबीहून जास्त मोकळी आहे, पण सलग १६ पानं कुठेच नाहीत.

बफर फक्त सीपीयूच वापरणार असेल तर ‘केव्हीमॅलॉक’ घ्या. तो आधी सलग जागा बघतो, नाही मिळाली तर विखुरलेली पानं आभासी पत्त्यांवर सलग जोडून देतो. सोडताना ‘केव्हीफ्री’च वापरा. ‘केफ्री’ लिहिलंत तर सलग जागा मिळाली त्या दिवशी सगळं सुरळीत चालेल आणि मिळाली नाही त्या दिवशी कर्नल कोसळेल. अशी चूक डेमोच्या दिवशीच सापडते. बफर उपकरणाला डीएमएसाठी (सीपीयूला वगळून थेट मेमरी वापरण्यासाठी) द्यायचा असेल तर मात्र हा मार्ग बंद. तिथे ‘डीएमए अॅलॉक कोहेरंट’ वापरा आणि तो मॉड्यूल चढतानाच, ‘प्रोब’मध्ये, एकदाच घेऊन ठेवा. इंटरप्ट हँडलरमध्ये (उपकरणाच्या हाकेला लगेच धावणाऱ्या कोडमध्ये) ६४ केबी मागू नका. तिथे झोपता येत नाही, म्हणजे कर्नलला पानं सरकवून जागा करायला सवड मिळत नाही, आणि विनंती नापास होण्याची शक्यता सर्वात जास्त तिथेच.

हे सगळं क्यूईएमयूमध्ये (आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम) ५१२ एमबीचं मशीन करून तपासा, ‘केमेमलीक’ (न सोडलेली मेमरी शोधणारी सोय) चालू करून कर्नल बांधा. तो दर १० मिनिटांनी आपणहून शोध घेतो, घाई असेल तर त्याच्या फाइलीत ‘स्कॅन’ लिहा.

प्रश्न (गिरगाव) : पेन ड्राइव्हवर दीड जीबीची फाइल टाकली की काही सेकंदांत ‘झालं’ म्हणतं आणि मग बाहेर काढायला तीन मिनिटं लावतं. का?

उत्तर : कारण तेव्हा ती रॅममध्येच पोचलेली असते. पेन ड्राइव्ह सेकंदाला ८ एमबी लिहीत असेल तर १५३६ एमबीला १९२ सेकंद लागणारच. मुळात उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत असा न लिहिलेला माल साचू दिला जातो, १० टक्क्यांना मागून लिहायला सुरुवात होते. ‘डर्टी बाइट्स’ २५६ एमबी आणि ‘डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ ६४ एमबी ठेवा (आकडे बाइटमध्ये लिहायचे : २६८४३५४५६ आणि ६७१०८८६४). हे लिहिले की टक्क्यांच्या कळा आपोआप शून्य दिसतात, तो बिघाड नव्हे. एकूण वेळ तेवढाच लागेल, पण प्रगतीची पट्टी खरं बोलेल.

प्रश्न (अंधेरी) : ऑफिसात ६४ जीबीच्या एका सर्व्हरवर पोस्टग्रेस आणि रेडिस हे दोन्ही डेटाबेस आहेत. पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर १६ जीबी, कनेक्शन २०० च्या घरात. प्रक्रियांची बेरीज करून ६ जीबीचा हिशेब लागत नाही. शिवाय रेडिस डिस्कवर सेव्ह करताना अडखळतं. ह्यूज पेजेस (४ केबीऐवजी २ एमबीची पानं) लावायची की काढायची?

उत्तर : एकाला लावा, दुसऱ्याची काढा.

हरवलेले ६ जीबी ‘मेमइन्फो’त ‘पेजटेबल्स’ (कोणता पत्ता कुठल्या पानाचा, त्या नोंदी) या ओळीत सापडतील. १६ जीबी म्हणजे ४ केबीची ४१,९४,३०४ पानं, प्रत्येकाची नोंद ८ बाइटची. एक प्रक्रिया सगळे बफर हाताळून आली की तिच्या एकटीच्या तक्त्याला ३२ एमबी. गुणिले २०० म्हणजे ६४०० एमबी. २ एमबीची पानं दिलीत तर नोंदी ८१९२ उरतात, तक्ता ६४ केबीचा. नेमकी किती पानं हवीत ते पोस्टग्रेस १५ पासून स्वतःच सांगतं : सर्व्हर बंद असताना ‘शेअर्ड मेमरी साइझ इन ह्यूज पेजेस’ची किंमत विचारा. तेवढी ‘एनआर ह्यूजपेजेस’मध्ये लिहून मशीन बूट करा. चालू मशीनवर सलग जागा मिळेलच असं नाही. पोस्टग्रेसच्या सेटिंगमध्ये ‘ट्राय’ न ठेवता ‘ऑन’ करा. ‘ट्राय’ असेल तर पानं कमी पडल्यावर ते गुपचूप ४ केबीवर येतं आणि कोणाला कळतही नाही.

रेडिसची अडचण बहुधा ट्रान्सपरंट ह्यूज पेजेसमुळे (कर्नल आपणहून देतो ती मोठी पानं). सेव्ह करताना रेडिस फोर्क करतं, म्हणजे स्वतःची जुळी प्रक्रिया काढतं, मग दोन्ही प्रक्रिया तीच पानं वाटून घेतात आणि कोणी लिहिलं की पानाची प्रत निघते. कर्नल ५.८ च्या आधी एक बाइट बदलायला ४ केबीऐवजी २ एमबीची प्रत निघायची, म्हणजे ५१२ पट. ही सोय ‘ऑलवेज’वरून ‘मॅडव्हाइज’वर आणा. पोस्टग्रेससाठी राखून ठेवलेल्या पानांना याने धक्का लागत नाही, ती यंत्रणा वेगळी आहे.

राहता राहिली ‘ओव्हरकमिट मेमरी’ (आहे त्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करायची की नाही, ते ठरवणारी कळ). रेडिस १ मागतं, म्हणजे फोर्क अडणार नाही. पोस्टग्रेसचे लोक २ सुचवतात, म्हणजे हमी देता येईल तेवढीच मेमरी कबूल करायची. ही कळ अख्ख्या मशीनला एकच आहे, दोघांची मर्जी राखता येत नाही. रेडिस दुसऱ्या मशीनवर हलवा. ते जमेपर्यंत १ ठेवा आणि पोस्टग्रेसच्या मुख्य प्रक्रियेला ‘ओओएम स्कोअर अॅडजस्ट’ उणे १००० द्या, म्हणजे ओओएम किलर तिला हात लावणार नाही.