पाळीच्या आधीचा राग खरा असतो का?

"मॅडम, पाळी जवळ आली की मी येडी व्हायलेय का काय?" परभणी, सेलू, जिंतूरकडच्या बायकांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की एकीची गोष्ट, ओळख पुसून, सांगतेच.

अंगणवाडीत काम करणारी बाई. दूध उतू गेलं म्हणून लेकराला बडवलं आणि रात्रभर रडत बसली. सासूचं पालुपद, "आम्हाला काय पाळी आली नव्हती?" मी तिला कॅलेंडर दिलं. भडका उडाला की फुली, पाळी आली की गोल. दोन महिन्यांनी पानं टेबलावर मांडली, तर बहुतेक फुल्या गोलाच्या आधीच्या आठवड्यात. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. "म्हंजे हिचा राग आमच्यावर नाहीच. हार्मोनचा हाय."

"राग तुमच्यावरच हाय," ती म्हणाली. "एरवी गिळते. त्या टायमाला गिळणं होईना."

त्या दिवशी मला पुढे फारसं बोलावंच लागलं नाही. हार्मोनचं नाव निघालं की घरचे मोकळे, हे मला कधीच पटलेलं नाही. कॅनडातल्या माँट्रियलच्या व्हियाऊ आणि मीनी या संशोधकांनी १९९१ मध्ये उंदराच्या माद्यांना २० मिनिटं जखडून ठेवलं होतं. इस्ट्रोजेन चढलेल्या माद्यांमध्ये कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे ताणाचं हार्मोन, जास्त उसळलं. जखडणं मात्र सगळ्यांना सारखंच होतं! (त्यांचं चक्र ४-५ दिवसांचं आणि बाईचा त्रास बहुधा हार्मोन उतरताना, तेव्हा हिशेब जसाच्या तसा लावू नये.) वृषण काढून पुरुषी हार्मोन घटवलेल्या नर उंदरांचाही ताणाला प्रतिसाद वाढतो, हे मी नवरे मंडळींना आवर्जून सांगते.

म्हणून मी आधी विचारते, जखडलंय कशानं? हिच्याकडे पहाटेचं पाणी, अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपात माहिती भरणं, सासूचं पथ्य. पाणी नवऱ्याकडे गेलं. तेही रोजचं, फक्त त्या आठवड्यापुरतं नाही, यावर मी अडून बसले. लेकरावर हात उठणं थांबलं. फुल्या कमी झाल्या, संपल्या नाहीत.

नोंद त्याच दिवशी करा, मागाहून आठवून नको. हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्या. काम-संसार अडण्याइतका त्रास असेल तर ती पानं मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. यावर गोळ्या आहेत, काहींना तर त्या पाळीआधीचे दोन आठवडेच घ्याव्या लागतात. जीव द्यावासा वाटला तर मात्र कॅलेंडर भरत बसायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं.